‘कुठल्या पेपरचे तुम्ही?’ : स्वतंत्र वार्ताहरांविषयीच्या एका दाव्याला उत्तर

निवडणुका जवळ आल्या की एक मजकूर गटागटांतून फिरू लागतो. पाठवणाऱ्याचा पक्ष बदलतो, मजकूर फारसा बदलत नाही. त्याचा गोषवारा असा : मोबाइल आणि रंगीत बूम घेऊन फिरणारा प्रत्येक जण पत्रकार नसतो, ज्याच्याकडे शासनाची अधिस्वीकृती नाही किंवा ज्याचे माध्यम नोंदणीकृत नाही, त्याला पत्रकार म्हणून कसलाही हक्क नाही, सभा पक्षाची असते, त्यामुळे तेथे कोणी उभे राहायचे हे पक्षच ठरवणार, महाराष्ट्राचा पत्रकार संरक्षण कायदासुद्धा अशांना लागू होत नाही, बहुतेक यूट्यूबवाले पैसे उकळणारे असतात, आणि मुद्दाम डिवचणारे प्रश्न विचारून कोणी चोप खाल्ला, तर त्याने ओरड करू नये. या मजकुरातील एक विधान बरेचसे खरे आहे आणि त्याच्या आधारावर बाकीची खपून जातात, म्हणून त्यांचा एकेक करून विचार करणे आवश्यक वाटते.

सुरुवात अधिस्वीकृतीपासून करू. महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय समितीच्या शिफारशीने जी अधिस्वीकृतीपत्रिका देते, ती सोयीसाठी असते. मंत्रालय आणि विधिमंडळासारख्या बंदोबस्ताच्या जागी प्रवेश सुलभ व्हावा, एसटीच्या प्रवासात सवलत मिळावी, शासकीय योजनांचा लाभ घेता यावा, एवढा तिचा हेतू आहे. ती बातमी गोळा करण्याचा परवाना नाही, कारण असा परवाना आपल्या कायद्यात अस्तित्वातच नाही. तालुक्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे दैनिकांना बातम्या पुरवणाऱ्या असंख्य वार्ताहरांकडे ही पत्रिका नसते, आणि त्यांच्या बातम्या आपण रोज सकाळी चहाबरोबर वाचत असतो. शिवाय केंद्र सरकारच्या २०२२ च्या अधिस्वीकृती नियमावलीत मुक्त पत्रकार आणि डिजिटल वृत्तमाध्यमे यांचाही समावेश आहे. म्हणजे ‘स्वतंत्र’ आणि ‘पत्रकार’ हे शब्द एकत्र नांदू शकत नाहीत, असे सरकारचेही म्हणणे नाही.

नोंदणीचेही तसेच. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा आणि १ मार्च २०२४ पासून अमलात आलेला नियतकालिकांच्या नोंदणीचा कायदा नियतकालिकाची नोंदणी करतो, माणसाची नाही. ‘नोंदणीकृत पत्रकार’ हा शब्दप्रयोग सभेच्या दारावरचे स्वयंसेवक मोठ्या आत्मविश्वासाने वापरत असले, तरी तशी कोणतीही नोंदवही देशात नाही.

या दाव्याच्या मुळाशी पत्रकारांचे हक्क हा एका वर्गाला बहाल केलेला मानपान आहे, असा समज दिसतो. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मध्ये ‘वृत्तपत्र’ हा शब्दच नाही. मसुद्यावर चर्चा चालू असताना, डिसेंबर १९४८ मध्ये, वृत्तपत्र स्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख का नाही, हा प्रश्न संविधान सभेत उपस्थित झाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, वृत्तपत्र म्हणजे व्यक्तीचे किंवा नागरिकाचेच दुसरे नाव. नागरिकाला जे हक्क नाहीत असे कोणतेही खास हक्क वृत्तपत्राला नाहीत, आणि संपादक लिहितो तेव्हा तो नागरिक म्हणूनच आपला हक्क वापरत असतो. हे सांगणाऱ्या माणसाने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले होते. त्या काळच्या प्रस्थापित वृत्तपत्रसृष्टीने त्या पाक्षिकाचे स्वागत कसे केले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ‘कुठल्या पेपरचे तुम्ही?’ हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता.

न्यायालयांनीही हाच मार्ग धरला. पुण्याच्या ‘सकाळ’ने केंद्र सरकारविरुद्ध लढवलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये निकाली काढलेल्या खटल्यात वृत्तपत्राची पाने आणि किंमत यांची सरकारने घातलेली सांगड घटनाबाह्य ठरली. त्या वेळी वृत्तपत्राचे स्वातंत्र्य नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातूनच निष्पन्न झालेले मानले गेले, आणि अर्जदारांमध्ये कंपनी व तिचे भागधारक यांच्याबरोबर दोन वाचकही होते. यूट्यूबबद्दलच शंका असेल, तर अगदी अलीकडचे उदाहरण आहे. ज्येष्ठ पत्रकार विनोद दुआ यांच्यावर हिमाचल प्रदेशात राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, तो यूट्यूबवरून प्रसारित झालेल्या कार्यक्रमाबद्दल. ३ जून २०२१ रोजी तो रद्द करताना, केदारनाथ सिंह खटल्यातील १९६२ च्या निकालाने दिलेले संरक्षण, म्हणजे हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरील टीका राजद्रोह ठरत नाही हे तत्त्व, प्रत्येक पत्रकाराला मिळाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. पडदा दूरचित्रवाणीचा होता की मोबाइलचा, यावर त्या निकालात काही अडले नाही.

आणखी एक विसंगती नोंदवतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल वृत्त प्रकाशकांसाठी आचारसंहिता आणि तक्रार निवारणाची यंत्रणा घालून दिली. तिच्या मुख्य भागाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली, ती गोष्ट वेगळी. पण नियम लावायच्या वेळी ज्यांना प्रकाशक मानायचे, त्यांनाच मैदानावर ‘तुम्ही कोणीच नाही’ म्हणायचे, हे जमणार नाही.

आता सभेच्या जागेचा मुद्दा. येथे दावा करणाऱ्यांच्या बाजूने जे म्हणता येईल, ते आधी मान्य करतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतो. पक्षाने भाड्याने घेतलेल्या सभागृहात निमंत्रितांनाच प्रवेश ठेवला, पत्रकार परिषदेला ठरावीक प्रतिनिधींनाच बोलावले, तर त्याला कोतेपणा म्हणता येईल, बेकायदा म्हणता येणार नाही. बाहेर जा असे सांगितल्यावर बाहेर जाणे हे वार्ताहराचेही कर्तव्य आहे. व्यासपीठासमोर कॅमेरे रोवून मागच्या श्रोत्यांची दृष्टी अडवणारे, सुरक्षाकडे ओलांडणारे आणि त्यालाच धाडस समजणारे काही जण आमच्यात आहेत, हेही खरे.

परंतु निवडणुकीतील बहुसंख्य सभा बंद सभागृहात होत नाहीत. त्या मैदानांवर, चौकांत आणि रस्त्याच्या कडेला होतात. दादरचे शिवाजी पार्क मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे, कोणत्याही पक्षाच्या सातबाऱ्यावर नाही. अशा ठिकाणी पोलिसांची परवानगी घेऊन, ‘सर्वांनी हजारोंच्या संख्येने उपस्थित राहावे’ असे फलक लावून सभा घेतली जाते, तेव्हा ‘सर्वांनी’ या शब्दातून मोबाइलवाला आपोआप वगळला जात नाही. मतदान केंद्रात आणि मतमोजणीच्या ठिकाणी जाण्यासाठी पत्रकाराला निवडणूक आयोगाचे प्राधिकारपत्र लागते; प्रचारसभेसाठी असे कोणतेही पत्र आयोग मागत नाही. उलट, आयोगाने २०१८ मध्ये आणलेल्या सी-व्हिजिल या ॲपवरून कोणत्याही नागरिकाने आचारसंहितेच्या भंगाचे छायाचित्र किंवा चित्रफीत पाठवावी आणि शंभर मिनिटांत त्यावर कार्यवाही व्हावी, अशी व्यवस्था आहे. मोठ्या सभांमधील खुर्च्या, वाहने आणि फलक यांचे चित्रीकरण आयोगाची पथके खर्चाच्या हिशेबासाठी स्वतः करतात. म्हणजे जे चित्रीकरण करण्याचे आवाहन आयोग साध्या मतदाराला करतो, तेच एखाद्याने बातमीसाठी केले की तो घुसखोर ठरतो!

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा चर्चेत येत नाही. कार्यकर्त्याने बोट दाखवले आणि बंदोबस्तावरील पोलिसाने वार्ताहराची कॉलर धरून त्याला बाहेर काढले, तर त्या क्षणी प्रकरण पक्षाचे राहत नाही. पोलीस हा राज्यसंस्थेचा हात आहे आणि त्याला घटनेची बंधने लागू आहेत. कोणत्या कायद्याखाली बाहेर काढले, हे त्याला सांगता आले पाहिजे. ‘आयोजकांनी सांगितले’ हे कलम कोणत्याही संहितेत नाही. मोबाइल हिसकावून त्यातील चित्रण पुसायला लावणे तर ना आयोजकाच्या अधिकारात येते, ना तपासाची रीत पाळल्यावाचून पोलिसाच्या.

तिसरे विधान कायद्याचे, आणि तेच सुरुवातीला म्हटलेले बरेचसे खरे विधान. प्रसारमाध्यमांतील व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो २०१९ मध्ये अमलात आला. हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र, तपास उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याकडे नाही, पीडिताला नुकसानभरपाई आणि खोटी तक्रार करणाऱ्यालाही शिक्षा, अशा त्यातील ठळक तरतुदी आहेत. मात्र त्याची व्याख्या, ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी पद्धतीने नेमलेला आहे, अशा व्यक्तीभोवती बांधलेली आहे. स्वतःचीच वाहिनी चालवणारा, कोणाकडेही नेमणूक नसलेला वार्ताहर त्या व्याख्येत सहज बसत नाही. ही त्रुटी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

पण दावा करणारे या त्रुटीवरून जो निष्कर्ष काढतात, तो कोणत्याही वकिलाला हसू आणील. विशेष कायद्याचे जादा संरक्षण मिळत नाही, यावरून सर्वसाधारण कायद्याचेही संरक्षण नाही असे ठरत नाही. डॉक्टरांसाठी वेगळा कायदा आहे म्हणून शिंप्याला मारायची मुभा मिळते काय? भारतीय न्याय संहितेत कलम ११५ दुखापतीसाठी, १२६ आणि १२७ अडवणूक व डांबून ठेवण्यासाठी, ३०४ हिसकावून घेण्यासाठी, ३२४ नुकसान करण्यासाठी आणि ३५१ धमकीसाठी आहे. त्यांपैकी एकातही पीडिताचा व्यवसाय विचारलेला नाही. आणि व्याख्येत चपखल बसणाऱ्याचा जीव त्या कायद्याने वाचतोच, असेही नाही. राजापूरचे शशिकांत वारिशे एका वृत्तपत्राचे रीतसर वार्ताहर होते. कोकणातील तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी ते सातत्याने लिहीत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, ज्या दिवशी त्यांची एका फलकाबद्दलची बातमी छापून आली, त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी एवढीच होती, की जमिनीचे व्यवहार करणारी एक व्यक्ती फलकावर राज्याच्या आणि देशाच्या नेत्यांसोबत झळकत होती. त्या व्यक्तीवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला.

पैसे उकळण्याचा आरोप मी थोडक्यात घेतो, कारण त्यात तथ्य असले तरी तो या वादात अप्रस्तुत आहे. ‘प्रेस’ची पाटी लावून खंडणी मागणारे आहेत, त्यांच्यासाठी खंडणीचे कलम आहे आणि ते खुशाल लावावे. मात्र पैशाचा रोग नोंदणी नसलेल्यांनाच जडतो, असे म्हणणाऱ्यांनी २००९ ची विधानसभा निवडणूक आठवावी. तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा तोच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या नामांकित मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले होते. त्या प्रकरणी निवडणूक आयोगाने काढलेली नोटीस पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली, हेही नमूद केले पाहिजे. पण तो मजकूर छापणाऱ्या सर्व दैनिकांकडे नोंदणी होती.

राहिला शेवटचा, चोप देण्याचा मुद्दा. डिवचणारा प्रश्न म्हणजे नेमका कोणता? १२ मे २०२४ रोजी रायबरेलीत केंद्रीय गृहमंत्र्यांच्या सभेत ‘मॉलिटिक्स’ या यूट्यूब वाहिनीचे वार्ताहर राघव त्रिवेदी यांना मारहाण झाली. सभेला येण्यासाठी पैसे मिळाल्याचे काही महिलांनी सांगितले, त्यावर आपण आयोजकांकडे विचारणा केली आणि मग मार खाल्ला, असे त्यांचे म्हणणे होते. पोलिसांनी अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हा नोंदवला. हा प्रश्न चिथावणीचा असेल, तर निवडणूक खर्चाच्या निरीक्षकाचे अख्खे पदच चिथावणीचे म्हणावे लागेल. पुण्यात ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्र सेवा दलातील ‘निर्भय बनो’ सभेकडे निघालेले पत्रकार निखिल वागळे यांची मोटार रस्त्यात फोडण्यात आली. ते तेथे वक्ते म्हणून जात होते, त्यामुळे हे उदाहरण वार्तांकनाचे नाही, हे मान्य. तरीही त्यांच्या एका पोस्टमुळे संतापलेल्यांकडे उत्तर देण्याचे, खटला भरण्याचे, निषेधसभा घेण्याचे मार्ग मोकळे असताना काचा फोडणे निवडले गेले, ते पोलीस बंदोबस्त असताना.

‘यूट्यूबवाला’ हा शब्द तुच्छतेने उच्चारला जातो तेव्हा मला छत्तीसगडमधील बिजापूरचे मुकेश चंद्राकार आठवतात. ते ‘बस्तर जंक्शन’ ही वाहिनी चालवत. एप्रिल २०२१ मध्ये माओवाद्यांच्या ताब्यात असलेल्या, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कोब्रा पथकातील जवानाच्या सुटकेसाठी जे मध्यस्थ जंगलात गेले, त्यांत ते होते. रस्त्याच्या कामातील गैरव्यवहाराची बातमी बाहेर आल्यानंतर १ जानेवारी २०२५ रोजी ते बेपत्ता झाले आणि दोन दिवसांनी एका कंत्राटदाराच्या आवारातील शौचकूपाच्या टाकीत त्यांचा मृतदेह सापडला. छत्तीसगडच्या विधानसभेने माध्यमकर्मींच्या संरक्षणाचे विधेयक मार्च २०२३ मध्येच संमत केलेले होते.

महाराष्ट्राच्या कायद्यातील व्याख्या दुरुस्त करायला फार मोठा खटाटोप लागणार नाही. माणूस कोणाकडे नेमलेला आहे यापेक्षा तो नियमितपणे बातमीदारीचे काम करतो काय, ही कसोटी धरली तरी पुरे. केंद्राच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यमे आणलेलीच आहेत. नेमणुकीची अट तेवढी तेथेही राहिली आहे. हा मजकूर जवळपास सर्वच पक्षांच्या गटांतून फिरतो आणि कायद्यातील त्रुटी त्यात अचूक सांगितलेली असते, तेव्हा ती त्या पक्षांच्या आमदारांनाही ठाऊक असणारच. दुरुस्तीचे विधेयक मांडायला त्यांना अधिस्वीकृती लागत नाही.