कार्बनचा सारखा कोटा: फिरणाऱ्या मेसेजला हर्णैहून उत्तर

गेले काही दिवस आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सरकारने प्रत्येकाला कार्बनचा, म्हणजे इंधन आणि वीज वापरून किती कार्बन डायऑक्साइड सोडायचा याचा, सारखा कोटा द्यावा. पेट्रोल, गॅस, वीज घेताना तो कार्डातून वजा व्हावा. उरला तर विकावा, संपला तर विकत घ्यावा. पुढे तीन दावे आहेत: ब्रिटनमध्ये हे यशस्वी झालंय, सारखा वाटा म्हणजेच न्याय, आणि कोकणातला गरीब घरबसल्या कमावेल.

ब्रिटनचं आधी उरकू. २००६ मध्ये डेव्हिड मिलिबँड पर्यावरणमंत्री असताना ही कल्पना पुढे आली. २००८ मध्ये त्याच खात्याने अभ्यास करून ती बाजूला ठेवली: खर्च फार, आणि वेळ अजून आलेली नाही. फिनलंडच्या लाहती शहरात पुढे प्रयोग झाला, तोही मोबाइल ॲपवर, स्वेच्छेने, फक्त शहरातल्या प्रवासापुरता. सक्तीची योजना आजवर कुठल्याही देशाने राबवलेली नाही.

सारखा वाटा? दादरच्या माणसाला लोकल आहे. हर्णैसारख्या कोकणातल्या मासेमारीच्या गावातून आजारी आईला दापोलीला न्यायचं तर एसटीची वेळ जुळावी लागते, नाहीतर रिक्षा. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, पण आईला घेऊन रिक्षाने कोणी हौसेने जात नाही. आणि होडीचं डिझेल कोणाच्या कार्डावर टाकणार, होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या की मुंबईत सुरमई खाणाऱ्याच्या? मेसेजमध्ये याबद्दल अक्षर नाही.

तिसऱ्या दाव्याने मी खरी अस्वस्थ झाले. माझी मावशी आंजर्ल्याला राहते. कित्येक वर्षं तिचा सिलिंडर पाहुणे आले की आणि सकाळच्या चहाला पेटायचा. आंघोळीचं पाणी, भात सगळं चुलीवर, नारळाच्या झावळ्या आणि सोडणं घालून. खोकला हटेना तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, म्हणून आता कुठे दोन्ही वेळचं गॅसवर करते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे चाळीसेक किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, तो तिच्या कार्डातून वजा होणार. सरपणाचा धूर मात्र कुठे मोजला जाणार नाही, कारण मेसेजमधल्या कार्डावर फक्त पेट्रोल, गॅस आणि वीज आहे. म्हणजे मावशी पुन्हा चुलीपाशी बसली की तिचा कोटा उरला, आणि त्यालाच हे लोक कमाई म्हणतात! धूर तिच्या छातीत जाणार आणि उरलेल्या कोट्यावर शहरात कुणाचा तरी एसी चालणार.

विकायची वेळ तरी तिच्या हातात असेल का? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खलाशाच्या घरी पैसा येत नाही आणि त्याच जूनमध्ये शाळा उघडते. काजूची बी नड असली की व्यापारी सांगेल त्या भावाला जाते, हे इथे घराघरात ठाऊक आहे. कार्डावरचा कोटाही तसाच जूनमध्ये पडेल भावाला जाईल, आणि दिवाळीला गॅस भरताना चढ्या दराने परत घ्यावा लागेल.

सरासरीने गरीब माणूस कमी कार्बन सोडतो, हे खरंच आहे. भारतात माणशी वर्षाला दोनेक टन, अमेरिकेत चौदाच्या आसपास. जास्त जाळणाऱ्याने भरावं, हे मला पूर्ण मान्य आहे. त्याच्याकडून सरळ कर घ्या. त्यातून आंजर्ल्याहून दापोलीला दुपारची एक जादा एसटी सोडा, बंदीच्या दोन महिन्यांत खलाशाच्या खात्यात थेट पैसे टाका, आणि मावशीला महिन्याचा सिलिंडर परवडेल एवढा त्याचा दर खाली आणा.