‘जेवढी पॉवर जास्त तेवढे तारे जास्त’: बायनॉक्युलरच्या त्या फॉरवर्डचा समाचार

ग्रहण किंवा धूमकेतू जवळ आला की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. सारांश असा: आकाश बघायला बायनॉक्युलर घ्यायचं तर जास्तीत जास्त पॉवरचं घ्या, निदान २०×५०, झूमवालं मिळालं तर सोन्याहून पिवळं. काचा लालभडक हव्यात. खोक्यावर ‘नाइट व्हिजन’ आणि किलोमीटरमधली रेंज बघून घ्या. शनीची कडी गॅलरीतून दिसतील, मरीन ड्राइव्हवर सूर्यास्तही बघता येईल. काचच ती, तिला काही होत नाही. आणि शेवटी: मुंबईत तसंही काही दिसत नाही, तेव्हा खरी हौस असेल तर टेलिस्कोपच घ्या. एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका करायलाही कसब लागतं. मुद्दे एकेक करून घेऊ.

‘पॉवर जास्त तेवढं जास्त दिसतं’

या मुद्द्यात अर्धं खरं आहे, म्हणून तो जास्त घात करतो. १०×५० मधला १० म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बायनॉक्युलर हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे रोखा. डोळ्याकडच्या भिंगात टिकलीएवढं उजेडाचं वर्तुळ दिसेल. त्याचा व्यास ५० भागिले १०, म्हणजे ५ मिलिमीटर. डोळ्यात जाणारा प्रकाशाचा झोत एवढ्याच जाडीचा. २०×५० मध्ये ही टिकली अडीच मिलिमीटरची होते.

आता खरा अर्धा भाग. शहरात पॉवर वाढवली की आकाशाची पांढुरकी पार्श्वभूमी काळवंडते आणि तारा मात्र बिंदूच राहतो, त्यामुळे तो उठून दिसतो. म्हणूनच मुंबईत ७×५० पेक्षा १०×५० बरं. ७×५० चा झोत ७ मिलिमीटरचा. पन्नाशीनंतर अंधारातही डोळ्याची बाहुली बहुधा तेवढी उघडत नाही, मग उरलेला प्रकाश वाया जातो.

पण हे तर्कट २० पर्यंत ताणलं की हात साथ सोडतो. हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा होतो. १० पटीला तारा थरथरतो, २० पटीला तो गांडुळासारखी रेघ ओढतो. शिवाय १०×५० मध्ये साधारण साडेसहा अंशांचा तुकडा दिसतो, म्हणजे तेरा पौर्णिमेचे चंद्र ओळीने बसतील एवढा. २०×५० मध्ये तो तीन अंशांच्या आसपास येतो. जिथे नुसत्या डोळ्यांना मोजके तारे दिसतात, तिथे वाट शोधायला रुंद तुकडाच कामाला येतो.

आमचं मत सरळ आहे: पहिलं बायनॉक्युलर १०×५०, पोरो प्रिझमचं, म्हणजे मध्ये खांदे असलेल्या जुन्या घडणीचं. हात कापत असेल किंवा वजन झेपत नसेल तर ८×४२. १५×७० छान असतं, पण दीड किलोच्या आसपासचं ते धूड स्टँडशिवाय घेऊ नये. चष्मेवाल्यांनी आय-रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जेवढा लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५-१६ मिलिमीटर तरी आहे का ते बघावं, नाहीतर फक्त मधला गोल दिसतो. नंबर नुसता जवळचा किंवा लांबचा असेल तर चष्मा काढून फोकस करता येतो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर चष्मा हवाच.

‘झूम असेल तर उत्तमच’

झूममध्ये दोन्ही नळ्यांतली भिंगं एकाच वेळी, अगदी सारखी सरकावी लागतात. स्वस्त यंत्रणेत ती तशी सरकत नाहीत. मग डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगवेगळ्या आकाराचं चित्र मिळतं आणि दहा मिनिटांत कपाळ ठणकतं. कमी पॉवरला ठेवलं तरी दिसणारा तुकडा अरुंदच. फोकसचं चाक नसलेली ‘फोकस-फ्री’ बायनॉक्युलरंही याच जातीची. ताऱ्याला नेमका फोकस लागतो, अंदाजपंचे चालत नाही.

‘काचा लालभडक हव्यात’

काच लाल दिसते याचा अर्थ ती लाल प्रकाश परत फेकते आहे. म्हणजे तो डोळ्यापर्यंत पोचतच नाही. चित्र निळं-हिरवं पडतं आणि रोहिणी, ज्येष्ठा, मृगातला काक्षी या तांबूस ताऱ्यांची सगळी मजा जाते.

कोटिंगचं काम नेमकं उलटं आहे: परावर्तन कमी करणं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत जातो. एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तर तिसरा हिस्सा प्रकाश वाटेतच संपला. चांगल्या मल्टिकोटिंगने ही गळती पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्यावर येते. खोक्यावर ‘फुल्ली मल्टिकोटेड’ हे शब्द शोधा, नुसतं ‘कोटेड’ नव्हे. दुकानात ट्यूबलाइटखाली पुढच्या भिंगात डोकावून बघा. ट्यूबची प्रतिबिंबं मंद हिरवी-जांभळी असतील तर ठीक. एखादं लख्ख पांढरं असेल तर तो पृष्ठभाग कोरा आहे.

‘नाइट व्हिजन, रेंज ५० किलोमीटर’

आत बॅटरी नाही, तर नाइट व्हिजन कुठून येणार? आणि रेंजचं म्हणाल तर चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

‘खोक्यावरचे आकडे बघून घ्या’

खोक्यावर ‘६०×६०’ आणि ‘९०×८०’ असंही छापलेलं असतं, आणि वस्तू तळहातात मावते. छापील आकड्यावर जाऊ नका, मोजा. फोकस दूरवर लावा. फोनचा टॉर्च डोळ्याकडच्या भिंगामागे अर्ध्या फुटावर धरा आणि पुढच्या भिंगाला जवळजवळ चिकटवून पांढरा कागद धरा. कागदावर उजेडाचं वर्तुळ पडेल, ते पट्टीने मोजा. ५०च्या भिंगातून ४०चंच वर्तुळ आलं तर तुमच्या हातात १०×४० आहे. आत प्रिझम लहान बसवलेला असतो किंवा कडी आड येते, आणि पुढची बाहेरची काच निव्वळ शोभेची ठरते.

दुसरी चाचणी आधीच्या टिकलीचीच. ती गोल आणि कडेपर्यंत सारखी उजळ असेल तर प्रिझम बहुधा बीएके-४ काचेचे. कडा राखाडी कापल्यासारख्या, चौकोनी वाटल्या तर बीके-७. बीके-७ म्हणजे टाकाऊ नव्हे, पण किंमत त्या मानाने हवी.

तिसरी चाचणी सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्यासाठी दिवेलागणीलाच दुकानात जावं. फोर्टात बोरा बाजारच्या कॅमेऱ्यांच्या दुकानांतून बाहेर येऊन लांबच्या टॉवरवरचा लाल दिवा धरा. फोकस नीट लावा आणि डोळे हळूहळू भिंगांपासून मागे घ्या. एका दिव्याचे दोन झाले, विशेषतः एकाखाली एक, तर दोन्ही नळ्यांची तोंडं एका रेषेत नाहीत. डोळे हे ओढूनताणून जुळवून घेतात, म्हणून दुकानात पहिल्या मिनिटाला चूक कळत नाही. असा नग ‘सवय होईल’ म्हणून घेऊ नये.

‘शनीची कडी दिसतात’

नाही. १० पटीला शनी फार तर किंचित लांबट दिसेल. कडी वेगळी ओळखायला स्थिर स्टँडवर २५-३० पट तरी लागते. त्यातून २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, तेव्हा ती काही काळ नुसती रेघ होती. पुढच्या वर्षांत ती हळूहळू उघडत जातील.

गुरूच्या बाबतीत मात्र मेसेजने उगाच मौन पाळलंय. १६१० साली गॅलिलिओने पाहिलेले चार चंद्र १०×५० मधून दिसतात, हात टेकलेले असतील तर. गुरूचा झगझगाट नसता तर ते नुसत्या डोळ्यांनाही दिसले असते. एका ओळीतल्या ठिपक्यांची जागा रोज बदलते. चार संध्याकाळी चित्र काढून ठेवा.

‘मुंबईत तसंही काही दिसत नाही’

जून ते सप्टेंबर खरंच नाही. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की धुतलेलं आकाश मिळतं. डिसेंबर-जानेवारीत धुरकं असतं, पण ते क्षितिजालगत जास्त दाट. उपाय एकच: डोक्यावरचं बघा. ५० मिलिमीटरचं भिंग ७ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा सुमारे ५० पट प्रकाश गोळा करतं, तेव्हा डोळ्याला कोरं वाटणारं आकाश भिंगात कोरं राहत नाही.

मुंबईचा अक्षांश १९. पुष्य नक्षत्रातला एम ४४ (मेसिएच्या यादीतला ४४वा) हा तारकागुच्छही जवळपास तेवढ्याच उत्तरेला, म्हणजे तो जवळजवळ थेट माथ्यावरून जातो. मार्चमध्ये रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर चटई टाकून उताणं व्हा: नुसत्या डोळ्यांनी शहरात जिथे शून्य दिसतं, तिथे चिमूटभर तीळ सांडल्यासारखे तारे. डिसेंबरात कृत्तिका. डोळ्यांना चार-पाच दिसतात, भिंगात चाळीसएक मोजता येतात, आणि २०×५० मध्ये हाच गुच्छ चौकटीत जेमतेम मावतो. शेजारी रोहिणीचा शकट, तोही तारकागुच्छच. जानेवारी-फेब्रुवारीत मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली तेजोमेघ एम ४२. शहरातूनही धुरकट पिसासारखा दिसतो. व्याधाला चौकटीच्या वरच्या कडेला ठेवलं की चार अंश खाली एम ४१ हा तारकागुच्छ सापडतो. सप्तर्षीतली वसिष्ठ-अरुंधतीची जोडी सहज सुटते, पण वसिष्ठ स्वतः जोडतारा आहे आणि त्याला छोटा टेलिस्कोप लागतो. चंद्र अष्टमीच्या आसपास बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरं उठावदार दिसतात. पौर्णिमेला सावल्याच नसतात, तेव्हा टायको विवरापासून निघालेले पांढरे पट्टे बघायचे.

देवयानी दीर्घिकेबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. दादर-अंधेरीतून ती क्वचितच जाणवते. त्यासाठी कर्जत लोकलने बदलापूरच्या पुढे वांगणीला जावं, जिथे खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम होत आले आहेत. तिथे २५ लाख प्रकाशवर्षांवरचा तो धुरकट डाग चटकन सापडतो.

‘काही दिसलं नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळांनी फोकसच लावलेला नसतो. आधी दोन नळ्यांमधलं अंतर डोळ्यांना जुळवा, दोन गोलांचा एक गोल झाला पाहिजे. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला तारा बारीक बिंदू करा. आता डावा मिटा आणि चाकाला हात न लावता उजव्या आयपीसवरची, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावरची, कडी फिरवून तोच तारा बिंदू करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. पुढे फक्त चाक. नळ्या मागे न धरता पुढच्या टोकाकडे धरा, कोपरं छातीला टेकवा किंवा ग्रिलच्या आडव्या गजावर टॉवेलची घडी ठेवून त्यावर टेकू द्या. खिडकीच्या बंद काचेतून बघू नका, ताऱ्यांना शेपट्या फुटतात. समोरच्या बिल्डिंगची ट्यूब डोळ्यात येत असेल तर डोक्यावरून काळी ओढणी घ्या. जरा विचित्र दिसतं, पण फरक मोठा पडतो. डोळ्यांना वीस मिनिटं द्या आणि तेवढा वेळ फोन खिशात.

बऱ्याच १०×५० मध्ये पुढच्या सांध्यावरची टोपी उलटी फिरवली की पाव इंची आटे सापडतात. तिथे एल आकाराचा जोड बसवला की कॅमेऱ्याचा ट्रायपॉड चालतो. माथ्यावरचं बघायला मात्र ट्रायपॉडखाली मान मोडते, तिथे चटईच.

‘सूर्यास्त बघायलाही मस्त’

समुद्रावरचा तांबडा सूर्य डोळ्यांना सुसह्य वाटतो, भिंगातून तो सुसह्य राहतो असं नाही. दृष्टिपटलाला दुखत नाही, त्यामुळे इजा होताना कळतच नाही. सूर्य बुडेपर्यंत झाकणं लावलेलीच बरी. ग्रहण बघायचं तर सूर्यासाठीचे फिल्टर दोन्ही पुढच्या भिंगांवर घट्ट बसवूनच. ग्रहणचष्मा डोळ्यावर घालून बायनॉक्युलरमधून बघणं सर्वात वाईट, एकवटलेला प्रकाश फिल्म जाळून आरपार जातो.

‘टेलिस्कोपच घ्या’

डगमगत्या तिपाईवरच्या स्वस्त टेलिस्कोपात चित्र उलटं, तुकडा चिमूटभर, आणि नवख्याला चंद्र सापडेपर्यंत तो ढगात जातो. टेलिस्कोप जरूर घ्या, पण आकाश ओळखीचं झाल्यावर.

‘काचच ती, तिला काही होत नाही’

मुंबईत होतं, आणि एका पावसाळ्यात होतं. कपाटातल्या चामडी किंवा कापडी केसमध्ये ओल टिकते आणि भिंगावर बुरशीची जाळी धरते. ती कोटिंग खाते. साफ केली तरी व्रण राहतो. टॉर्च तिरका मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. जुनं बायनॉक्युलर चोर बाजारातून घेताना ही तपासणी आधी, घासाघीस नंतर. घरी केस बाजूला ठेवून बायनॉक्युलर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची मूठभर पुरचुंडी. समुद्रावरून आल्यावर आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी लेन्सच्या द्रवाने ओलसर केलेलं मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकाने पुसलंत तर मीठ आणि वाळूच काचेवर घासली जाते. निळं जेल गुलाबी झालं किंवा केशरी जेल हिरवं पडलं की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास वाळवून, थंड करून परत डब्यात टाकायचं.