पीटर क्रेव्हनला मी पाहिलेलं नाही

मँचेस्टरला येऊन मला 11 वर्षं झाली. त्याआधी स्पीडवे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटरसायकलची शर्यत, हा शब्दही कानावरून गेला नव्हता. ऑफिसातल्या एकानं इथल्या बेल व्ह्यू संघाच्या मॅचला ओढून नेलं, आणि त्या पहिल्याच रात्री शेजारी एक आजोबा होते. जाकिटावर जुन्या बिल्ल्यांची दाटी, मांडीवर मॅचचं पुस्तक, हातात पेन. हीट, म्हणजे मॅचमधली एक शर्यत, संपली की लगेच चौकटीत गुण भरायचे. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला भोपळा. मी नवखा आहे हे त्यांनी ओळखलं असणार. दोन हीटच्या मध्ये माझ्याकडे वळून म्हणाले, "तू क्रेव्हनला बघायला हवं होतंस."

पीटर क्रेव्हन. जन्म 1934, लिव्हरपूल. 1955 साली, वयाच्या 21 व्या वर्षी, वेम्बलीला जगज्जेता. 1962 ला तिथंच पुन्हा, बॅरी ब्रिग्ज आणि ओव्ह फंडिन यांना मागे टाकून. दोनदा जगज्जेता होणारा त्याच्यानंतरचा इंग्रज रायडर, टाय वॉफिंडन, उगवायला 2015 साल यावं लागलं. लोक क्रेव्हनला तोलाचा जादूगार म्हणायचे. आजोबांनी बेल व्ह्यूच्या जुन्या, हायड रोडच्या स्टेडियमवर त्याला लहानपणी पाहिलेलं. तो वळणावर कसा झुकायचा हे ते तळहात आडवा करून दाखवतात. हात डावीकडे कलतो, आता पडणार असं वाटतं, आणि तिथंच थांबतो. ते हायड रोडही 1987 मध्ये विकलं गेलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्पीडवेच्या गाडीला ब्रेक नसतात. गिअर एकच. 500 सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन मिथेनॉलवर चालतं, आणि त्यात एरंडेल तेलाचा तो वास मिसळला की घरी गेल्यावरही कपड्यांतून जात नाही. चौघं जण, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडची. वळणावर मागचं चाक बाहेर फेकलं जातं, हँडल उलटं उजवीकडे, डाव्या पायातला पोलादी तळ मातीवर घासत जातो. अशा वेळी समोर कुणी पडला तर थांबणं हा पर्यायच नसतो. गाडी आडवी टाकायची, नाहीतर कुठंतरी वळवायची. कुठं, ते डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं.

20 सप्टेंबर 1963, शुक्रवार. एडिनबराचं जुनं मेडोबँक स्टेडियम. एडिनबराचा संघ तेव्हा क्रेव्हनच्या बेल व्ह्यूपेक्षा वेगळ्या लीगमध्ये होता, म्हणजे लीगचे गुणही पणाला नव्हते. एडिनबराचा रायडर जॉर्ज हंटर समोर पडला. क्रेव्हननं त्याला चुकवायला गाडी वळवली आणि तो फेन्सवर आदळला. चार दिवसांनी, 24 तारखेला, हॉस्पिटलात त्याचा मृत्यू झाला. वय 29.

त्याची आठवण काढताना बरेच जण "बिचारा, नशीब खोटं" असं म्हणतात. मला ते मनापासून खटकतं. नशीब कुठून आलं यात? समोर एक माणूस जमिनीवर पडलाय, आपण त्याच्याकडे सुसाट निघालोय, आणि हातांनी गाडी वळवली. विचार करायला वेळ नव्हता हे खरं, पण म्हणूनच मला ते मोठं वाटतं. इतक्या घाईत हात तेच करतात जे त्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं. त्याचे हात दुसऱ्याला वाचवायला शिकलेले होते. ज्या तोलावर त्यानं दोन जगज्जेतेपदं मिळवली, त्याच तोलाची सगळी पुंजी त्यानं त्या एका वळणावर खर्च केली. याला बिचारा म्हणू नका, प्लीज.

बेल व्ह्यूला त्याच्या नावाची स्मृती स्पर्धा होते. मी जातो. जगज्जेतेपदांची सालं सांगितली जातात, टाळ्या वाजतात, आणि ते व्हायलाच हवं. पण आईबापांच्या खांद्यावर बसून आलेली पोरं असतात ना, त्यांना मेडोबँकची गोष्टही सांगा. घाबरतील म्हणून गाळू नका. ती रोज रायडरना पडताना बघतातच. पडलेल्याला मागचे तिघं कसे चुकवतात, हे बघायला त्यांना शिकवा. मी स्वतः ते बघायला लागलो ते आजोबांमुळे. आता कुणी पडला की माझी नजर आधी मागून येणाऱ्याच्या हँडलकडे जाते.

कधीच न पाहिलेल्या माणसाची आठवण येते म्हणणं खरं की खोटं, असं मला एकानं विचारलं होतं. मला येते. माझ्याकडे असलेला क्रेव्हन म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाचा आडवा तळहात आहे, आणि त्याला पाहिलेले लोक दरवर्षी कमी होत चाललेत.

गेल्या मॅचला आजोबांचा हात थरथरत होता, गुण चौकटीत बसेनात. पेन माझ्याकडे दिलं. पुढच्या सगळ्या हीट मी भरल्या, ते शेजारून आकडे सांगत होते.