थुंकायचं भांडं आणि कुलपातलं कपाट

निफाडकडचे माझे सासरे गेल्या सप्टेंबरात आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले होते. चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस. पीत नाहीत, पण नापा व्हॅलीला, म्हणजे इथल्या वाइनच्या द्राक्षांच्या दरीत, जायचं म्हटल्यावर सगळ्यांत आधी गाडीत जाऊन बसले.

वाइन चाखायच्या टेस्टिंग रूममध्ये शिरायच्या आधीच ते बागेच्या कडेच्या ओळीत उकिडवे बसले. माती चिमटीत चुरडली, घड तळहातावर तोलला. "मणी एवढे बारीक? जीए दिलेलं दिसत नाही." जीए म्हणजे मणी फुगवायचं संजीवक. वाइनला मणी बारीकच हवा, रंग आणि चव सालीत असते, हे तिथल्या मुलीने सांगितलं ते मी मराठीत सांगितलं. एकरी तीन-चार टन उतारा ऐकून त्यांना त्या मालकाची दया आली. मग मी कॅबर्ने या तिथल्या वाइनच्या द्राक्षाचा भाव सांगितला, टनाला आठ-नऊ हजार डॉलरच्या आसपास. त्यानंतर बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

आत पाच ग्लास, प्रत्येकात दोन-तीन घोट. वेळ आधी घेतलेली, पैसेही आधीच भरलेले. टेबलाच्या मधोमध एक भांडं. शेजारच्या बाईंनी ग्लास फिरवला, हुंगला, घोट तोंडात घोळवला आणि सरळ त्या भांड्यात थुंकल्या. "पैसे देऊन थुंकतात?" बाबांचा आवाज जरा मोठाच होता. दिवसाला तीन ठिकाणी जाऊन गाडीही चालवायची, तर थुंकावंच लागतं. सगळेच थुंकतात असं मात्र नाही, हे पार्किंगमध्ये दिसतंच. गंमत म्हणजे इथली कायद्याची मर्यादा आपल्यापेक्षा ढिली आहे. १०० मिलिलिटर रक्तात आपल्याकडे ३० मिलिग्रॅम, कॅलिफोर्नियात ८०.

हे सगळं बघताना मला २०२२ च्या जानेवारीतला गदारोळ आठवत होता. मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये, कुलपातल्या कपाटात का होईना, वाइन विकायला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने परवानगी दिली होती. विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' म्हणून ओरड केली, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. बाजूने बोलणारे म्हणाले, वाइन म्हणजे दारू नव्हेच, आणि यात द्राक्ष शेतकऱ्याचं भलं आहे.

मी स्वतः त्या निर्णयाच्या बाजूचा. पण आपल्या बाजूने केलेले हे दोन्ही युक्तिवाद मला तेव्हाही लंगडे वाटले होते, इथे राहून तर जास्तच. वाइन दारू नाही असं नापात कुणी म्हणत नाही. गरोदर बायकांनी पिऊ नये, पिऊन गाडी चालवू नये, हा सरकारी इशारा १९८९ पासून प्रत्येक बाटलीवर आहे. बाबांनी चष्मा लावून तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "म्हणजे दारूच की." हो, दारूच. ती तशी मान्य केली की मग कपाट कुठे ठेवायचं, विकणाऱ्याने वय कसं तपासायचं, यावर शहाण्यासारखं बोलता येतं. नाहीतर नुसती शब्दांची झोंबाझोंबी.

आणि शेतकऱ्याचं भलं? नाशिकची बहुतेक द्राक्षं खाण्याची. सुपरमार्केटात वाइनच्या बाटल्या वाढल्या म्हणून थॉमसनच्या, म्हणजे खाण्याच्या द्राक्षांच्या, बागेला काय मिळणार? नापात मात्र या प्रश्नाचं उत्तर नियमांत आहे. दरीतली शेतजमीन घरांसाठी तोडली जाऊ नये म्हणून १९६८ मध्येच राखून ठेवली. १९९० पासून नव्या वाइनरीला टेस्टिंगसाठी पाहुणे घ्यायचे तर आधी वेळ ठरवूनच, आणि वाइनमध्ये किमान ७५ टक्के द्राक्षं नापातलीच. बागवाल्याचं भलं तिथे असं लिहून ठेवलेलं आहे. सगळं छान आहे असं नाही. जमीन इतकी महाग झालीय की तिथे राबणारे मजूर बहुधा तिथे राहूच शकत नाहीत. पण निदान टेस्टिंग रूमच्या मागे बाग टिकली.

परतताना बाबांनी एकच विचारलं, "यांची द्राक्षं स्वतःची की विकत घेतलेली?" दोन्ही, मी म्हटलं, बाहेरच्या बागवाल्यांशी करार असतात. त्यावर ते खिडकीबाहेर बघत राहिले. २००८ नंतरच्या मंदीत करार करूनही माल उचलला गेला नाही, तेव्हा आमच्या भागात अनेकांनी वाइनच्या बागा उपटल्या. त्यांत त्यांचे दोन एकर होते.

"कराराचा कागद," ते म्हणाले, "अजून कपाटात आहे."