लाल दांडा ओढून बघा

आत्ताच हँगरमधून घरी आले. हाताचं ग्रीस अजून निघालेलं नाही आणि रागही उतरलेला नाही, म्हणून जेवायच्या आधीच लिहायला बसले.

इथे जर्मनीत हिवाळा सरता सरता ग्लायडरची वार्षिक तपासणी असते. पंख उतरवायचे, पिना पुसून नवं ग्रीस लावायचं, नियंत्रणांची प्रत्येक दांडी हलवून बघायची. आम्ही क्लबातलेच लोक मिळून हे करतो आणि शेवटी तपासनीस येतो. आज कॅनॉपीची, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या झाकणाची, पाळी आली. मी म्हटलं, चला, संकटात ती फेकून द्यायचा लाल दांडा ओढू या. तर आमच्यातला एक जण, ३० वर्षं उडणारा, म्हणाला, "हलतोय ना दांडा? मग झालं. पूर्ण काढताना तडा गेला तर नवी कोण आणणार?" आणि कागदावर बरोबरची खूण करून मोकळा झाला.

दांडा हलला म्हणजे काय झालं? कॅनॉपी निघाली का?

ग्लायडर न पाहिलेल्यांसाठी सांगते. ग्लायडरला इंजिन नसतं, पण पॅराशूट बहुतेक जण पाठीला बांधूनच बसतात. कारण उन्हाने तापलेली हवा जिथे वर चढते तिथे घारींसारखी आमचीही गर्दी होते. वर चढणाऱ्या हवेच्या अशा एकाच झोतात, म्हणजे थर्मलमध्ये, चार-पाच ग्लायडर घिरट्या घालत असतात आणि कधीतरी दोघांची टक्कर होते. शेपूट तुटलं की विमान उडवायचं उरत नाही, बाहेर पडायचं उरतं. डोक्यावर प्लेक्सिग्लासचं मोठं पारदर्शक झाकण असतं, तीच कॅनॉपी. ती गेल्याशिवाय पॅराशूटचा काडीचा उपयोग नाही. क्रम सगळ्यांना तोंडपाठ असतो: आधी कॅनॉपी, मग पट्टे, मग बाहेर. सेकंदाला ४० मीटरने खाली येणारं विमान ६०० मीटर उंची १५ सेकंदांत संपवतं. त्या १५ सेकंदांत गंजलेल्या पिनेशी झटापट कोण करणार?

गंजलेली पिन मी बघितली आहे, म्हणून एवढी चिडले आहे.

काही वर्षांपूर्वी बाबा साताऱ्याहून आले होते. तेव्हा ७१ वर्षांचे होते. लहानपणी मला हडपसरला ग्लायडिंग बघायला तेच घेऊन गेले होते, स्कूटरवर पुढे उभं करून. म्हणून त्यांना वर न्यायचंच, हे माझं ठरलेलं होतं. मागच्या सीटवर बसवलं, पट्टे आवळले आणि मोठ्या कौतुकाने रंग शिकवले: पिवळा दांडा विमान ओढणारा दोर सोडायचा, निळा एअरब्रेकचा, म्हणजे उंची कमी करायचा, हिरवा ट्रिमचा, म्हणजे वेग स्थिर ठेवायचा. बाबांनी विचारलं, "आणि हा लाल?" मी म्हटलं, "बाबा, त्याला अजिबात हात लावू नका." ते मुकाट्याने हात मांडीवर ठेवून बसले. पाऊण तास उडलो. खाली उतरल्यावर त्यांचे डोळे भरून आले होते.

त्याच हिवाळ्यात त्याच ग्लायडरची तीच मागची कॅनॉपी आम्ही पहिल्यांदा खरोखर सोडवून बघितली. लाल दांडा आला, अगदी सहज आला. कॅनॉपी जागची हलली नाही. बिजागराच्या पिनेवरचं जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं, त्याखाली गंज. तिघांनी मिळून, हातोडीचे हलके ठोके देऊन ती निघाली. आणि कागदावर? आदल्या सगळ्या वर्षांच्या खुणा ओळीने बरोबर. मी हँगरच्या फरशीवर बसले आणि मला बाबांचे ते मांडीवर ठेवलेले हात दिसायला लागले.

हो, कॅनॉपी महाग असते, हजारो युरो पडतात. उतरवताना नीट धरली नाही तर तडा जातो, हेही खरं. मग गादी घाला, तीन माणसं उभी करा, पुढे-मागे धरा. आणि चुकून दांडा ओढला जाऊन हवेत कॅनॉपी उडाल्याचे प्रकार होतात, म्हणून पाहुण्यांना सांगताना जपून सांगावं लागतं, एवढं मान्य. पण जपून सांगणं वेगळं आणि मी बाबांना सांगितलं ते वेगळं.

या विषयावर माणसांनी आयुष्य घातलंय हो! इथल्याच आखेन शहरातल्या प्राध्यापक वोल्फ ऱ्योगर यांनी कॅनॉपी सुटताना नेमकं काय होतं याचा पिच्छा पुरवला. सुटलेली कॅनॉपी नुसती उडून गेली तर ठीक, पण ती थोडी उचलून मागे घसरली तर तिची चौकट सरळ वैमानिकाच्या डोक्यावर येते. म्हणून त्यांनी मागच्या कडेला एक छोटा हुक सुचवला. मागची कड तो क्षणभर धरून ठेवतो, पुढची कड वाऱ्यात वर उचलली जाते, आणि पूर्ण उभी झाल्यावर कॅनॉपी डोक्याला न लागता मागे निघून जाते. आज त्याला ऱ्योगर हुकच म्हणतात. इतका साधा तुकडा, इतका विचार करून बसवलेला. आणि आपण काय करतो? जीपीएसची वायर कॅनॉपीच्या चौकटीला चिकटवतो, कॅमेऱ्याचा स्टँड लावतो, फटीतून वारा येतो म्हणून टेप मारतो, आणि त्या वायरीने कॅनॉपी अडकेल का, हे एकदाही ओढून बघत नाही.

शिवाय प्रत्येक विमानाची तऱ्हा निराळी. कुठे उघडायचा आणि फेकायचा दांडा एकच, कुठे दोन वेगळे, कुठे दोन्ही हातांनी दोन दांडे एकदम ओढायचे. उलटंसुलटं गरगरणाऱ्या विमानात हे आठवत बसायचं? ते हाताला आधीच माहीत हवं. जमिनीवर, पट्टे बांधून, पॅराशूट पाठीवर घेऊन, डोळे मिटून.

त्या ३० वर्षंवाल्यावर मी आज ओरडले. तो वाईट माणूस नाही. माझी पहिली एकटीची भरारी झाली तेव्हा पंखाचं टोक धरून धावला होता तोच. मी ओरडल्यावर गप्प झाला आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, उद्या सकाळी नऊला ये, माझ्या घरची जुनी गादी आणतो. कागदावरची ती खूण मात्र मी त्याच्यासमोर खोडली.

तुमच्यापैकी जे कुठेही ग्लायडर उडवतात, हडपसरला असोत की इकडे, त्यांनी यंदा आपल्या हाताने कॅनॉपी पूर्ण सोडवून बघा. पुढची आणि मागचीही. मागे तुमच्या घरचं माणूस बसणार आहे.

हे लिहिता लिहिता मध्येच उठून बाबांना फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, पण जागे होते. आठवतंय का विचारलं.

"तो लाल ना? तू हात लावू दिला नव्हतास तो."

मी म्हटलं, "बाबा, तो दांडा पूर्ण मागे ओढायचा, मग दोन्ही हातांनी झाकण वर ढकलायचं. मग पट्टे सोडायचे."

ते म्हणाले, "थांब, पुन्हा सांग. आधी काय?"