‘पुण्यात बसून मराठवाडा शिकवू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

निजामाच्या हैदराबाद संस्थानातले सशस्त्र रझाकार आणि सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्यानं ते संस्थान ताब्यात घेतलं ती ‘पोलीस ॲक्शन’, यांवर मी 17 सप्टेंबरला लेख लिहिला. त्यावर तुम्ही लिहिलंत : “रझाकारांनी गावंच्या गावं जाळली त्याला दोन परिच्छेद, आणि पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांचं काय झालं त्याला अख्खा लेख! सुंदरलाल समितीचे आकडे अंदाजपंचे आहेत. मुक्तिसंग्रामाची बदनामी थांबवा. पुण्यात बसून आम्हाला मराठवाडा शिकवू नका.”

आकड्यांचं आधी. पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसेत 27 ते 40 हजार मृत्यू हा समितीचा अंदाज आहे, कुणी गावोगाव शिरगणती केलेली नाही. एवढं तुमचं बरोबर. पण समिती नेहरूंनीच पाठवली होती आणि तिचा अहवाल कित्येक दशकं दडून राहिला, हेही ध्यानात घ्या.

आता ‘पुण्यात बसून’. असं हिणवून बोलायची गरज नव्हती.

आमचं गाव उदगीर तालुक्यातलं. 1948च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धाकानं आजोबा बायको-लेकरांना घेऊन रातोरात निघाले आणि निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीकडं गेले. त्यांचे थोरले भाऊ वाडा सोडायला तयार झाले नाहीत. ते मारले गेले. पोलीस ॲक्शननंतर सगळे परत आले, तेव्हा शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याचं (कापूस पिंजणाऱ्याचं) घर उघडं होतं, दारात पिंजण मोडून पडलेली, आणि माणूस एकही नाही. आजी दीर गेल्याचं सांगायची, त्याच दमात पिंजाऱ्याच्या पोरांचंही सांगायची. तिला ‘बदनामी थांबवा’ म्हणायची गावात कुणाची छाती झाली नसती.

वडिलांचं हायस्कूल उर्दूतून सुरू झालं आणि मराठीतून संपलं. जमिनीचे जुने कागद आजही पत्र्याच्या पेटीत आहेत, सगळे उर्दूत. घरात ते वाचणारं आता कुणी नाही. गाव जागचं हललं नाही, पण आधी बीदर जिल्ह्यात, 1956 नंतर उस्मानाबादेत, 1982 पासून लातुरात. राज्यं बदलली ती वेगळीच : हैदराबाद, मग द्विभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र. नोकरीसाठी वडील पुण्यात आले तेव्हा इथले लोक त्यांना ‘मोगलाईतले’, म्हणजे निजामाच्या मुलखातले, म्हणायचे. आणि आज तुम्ही मला पुणेकर ठरवून मोकळे झालात! मराठवाड्याचा माणूस कोण, हे ठरवायचा मक्ता तुम्हाला कुणी दिला?

राहिले ते दोन परिच्छेद. त्यातला एक रझाकारांनी गोरटा गावात केलेल्या हत्याकांडावर आहे. तुम्ही तो वाचला असावा असं तुमच्या लिहिण्यावरून तरी दिसत नाही. गोरटा तेव्हा आमच्याच बीदर जिल्ह्यात होतं. 1956 साली उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडं आले, गोरटा म्हैसूर राज्यात गेलं. आज आपण 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो, तिकडं त्याच दिवशी कल्याण कर्नाटक उत्सव असतो. आपल्या शाळांमधल्या भाषणांत गोरट्याचं नाव मी तरी कधी ऐकलं नाही. रझाकारांच्या अत्याचारांची एवढी चाड असेल तर त्याबद्दल बोला की!

स्वामी रामानंद तीर्थांचा लढा निजामाच्या सत्तेशी होता, पिंजाऱ्याच्या घराशी नव्हता. त्या घराचं लिहिल्यानं मुक्तिसंग्राम उणा होतो असं तुम्हाला वाटत असेल, तर त्या लढ्यावर तुमचा माझ्यापेक्षा कमी विश्वास आहे.

माझ्या हेतूंबद्दल जे सुचवलंत त्याला उत्तर देत नाही. प्रतिक्रिया काढणारही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा तुमच्या गावचं लिहा : त्या सप्टेंबरनंतर तिथं कोण परतलं आणि कोण नाही. ते मी जसंच्या तसं इथं टाकेन.