‘स्वस्त डबडी’, त्यांचा स्नेअर आणि त्यांच्या वायरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या पहिल्या सेटअपसाठी कोर्गची वोल्का बीट्स (ड्रम मशिन), वोल्का बेस (खालच्या सुरांचा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर) आणि सोबत आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक (आणखी एक सिंथ) सुचवणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही चार आक्षेप घेतलेत. वोल्का बीट्सचा स्नेअर (ठेक्यातला कडक ‘टक्’) पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजतो, हे मी लपवलं. तीन छोट्या डबड्यांपेक्षा एक ग्रूव्हबॉक्स (ड्रम आणि सिंथ एकाच पेटीत) स्वस्त पडतो. मायक्रोफ्रीकसारखा डिजिटल सिंथ सुचवून नवशिक्यांची दिशाभूल केली. आणि लॅपटॉपवर हे सगळं फुकटात होत असताना हार्डवेअर हवंच कशाला?

शेवटच्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी संपवतो. लॅपटॉप असेल आणि माउसने ठेका बसवायचा कंटाळा येत नसेल, तर हार्डवेअर घेऊ नका. पॅटर्न (फिरत राहणारा ठेका) चालू असताना एका हाताने कटऑफ (फिल्टर आवाज कुठे कापतो ते) आणि दुसऱ्याने डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) फिरवता यावा, म्हणून हे घ्यायचं. त्याच पैशात जास्त आवाज मिळतात म्हणून नाही, कारण ते मिळत नाहीत.

स्नेअरबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते लेखात यायला हवं होतं. वोल्का बीट्सचा किक (खालचा ‘धप्’) या आकाराच्या मानाने चांगला भरीव आहे, पण स्नेअर पोकळ आहे. त्याचा स्नॅपी हा नॉब पूर्ण चढवला तर वरची फरफर वाढते, खालचं अंग काही येत नाही. ते दुसरीकडून आणावं लागतं. सोळा स्टेपच्या (घरांच्या) पॅटर्नमध्ये स्नेअर ५ आणि १३ या स्टेपवर असेल, तर त्याच दोन स्टेपवर हाय टॉमही लावा. त्याचा पिच स्नेअरच्या जरा खाली, डिके अगदी तोकडा, लेव्हल निम्मी. वर क्लॅप ठेवा आणि त्याचा पीसीएम स्पीड (साठवलेला आवाज वाजण्याचा वेग) थोडा उतरवा, म्हणजे तो टाळीसारखा न वाजता जाडसर आघात होतो. आता स्नेअरची लेव्हल कमी करा. तिन्ही मिळून एक कामचलाऊ स्नेअर होतो. मात्र दोन्ही टॉमना डिकेचा नॉब एकच असल्याने लो टॉमही तोकडा होतो, आणि टॉमचे लांब रोल विसरावे लागतात. ज्याला हा खटाटोप नको, त्याने वोल्का बीट्स घेऊच नये. पॅटर्न साठवायला जागाही फक्त आठच आहेत.

दुसरा मुद्दा खर्चाचा. तिथे तुम्ही मशिनच्या किमती मोजल्यात, पण खरा फरक बाकीच्या सामानात पडतो. तीन मशिन म्हणजे आवाजाच्या तीन केबल, सिंकच्या (यंत्रांची लय जुळवण्याच्या) दोन, तीन अडॅप्टर आणि निदान तीन चॅनलचा मिक्सर. बॅटरीवर चालवायचं म्हटलं तर एकेका वोल्काला एए आकाराचे सहा सेल लागतात. ही बेरीज लेखात नव्हती. चूक मान्य.

अडॅप्टरवर जरा थांबतो, कारण इथे मशिन कायमचं जाऊ शकतं. वोल्काला ९ व्होल्ट डीसी लागतो, आणि प्लगचा मधला भाग पॉझिटिव्ह. गिटार पेडलचे बहुतेक अडॅप्टरही ९ व्होल्टचेच, पण त्यांचा मधला भाग निगेटिव्ह असतो. ‘व्होल्टेज जुळतंय ना, मग लाव’ हा हिशेब तिथे चालत नाही. अडॅप्टरवरच्या वर्तुळाच्या चिन्हात मधल्या टिंबाला जोडलेली खूण अधिकची आहे की उण्याची, ते बघा.

‘मिक्सरला लावलं की वोल्का बेसचा आवाज गायब होतो’ ही तुमची तक्रार मशिनच्या दोषाची नाही, केबलची आहे. वोल्काचं आउटपुट म्हणजे ३.५ मिमीचं स्टिरिओ हेडफोन सॉकेट. त्यात दोन्ही कानांना तोच मोनो आवाज जातो. ३.५ मिमी स्टिरिओपासून ६.३५ मिमी स्टिरिओ प्लगपर्यंत जाणारी सरळ केबल तुम्ही मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो इनपुटमध्ये घातली, तर ते इनपुट टिप (प्लगचं टोक) आणि रिंग (त्यामागचं कडं) यांच्यातला फरक घेतं. दोन्हीकडे आवाज एकच, मग फरक शून्य. राहतो तो एक पातळ, लांबून आल्यासारखा अवशेष. एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो ६.३५ मिमी प्लग असलेली वाय-केबल घ्या. वोल्का बेससाठी त्यातला एकच प्लग लावला तरी भागतं. दोन्ही टोकांना मोनो प्लग असलेली केबल मात्र हेडफोनच्या सॉकेटमध्ये घालू नका. तिने एक चॅनल थेट ग्राउंडला शॉर्ट होतो.

सिंकमध्येही अशीच एक गोम आहे. मिडी (वाद्ययंत्रांनी एकमेकांना सूचना पाठवायची प्रमाण पद्धत) वापरली तर तिचा क्लॉक एका बीटला २४ ठोके पाठवतो, वोल्काची ३.५ मिमी सिंक केबल एका बीटला दोन पल्स. मूळ वोल्का बीट्सवर मिडी इन आहे, आउट नाही, त्यामुळे मायक्रोफ्रीकला तिच्यामागे चालवायचं तर सिंक आउटमधून त्याच्या क्लॉक इनमध्ये वायर न्यावी लागते. मग मायक्रोफ्रीकच्या युटिलिटी मेनूत बीटला दोन पल्स हा प्रकार निवडायचा. तो चुकला की सिक्वेन्स भलत्याच लयीत धावतो किंवा रांगतो, आणि लोक टेम्पोचा नॉब फिरवत बसतात. शिवाय वोल्काच्या सिंक इनमध्ये नुसता प्लग घातलेला असेल, तर प्ले दाबूनही ती पुढे सरकत नाही. ती बाहेरच्या पल्सची वाट बघत असते. ‘मशिन बंद पडलं’ असं ठरवण्याआधी तो प्लग काढून बघा.

म्हणून क्रम बदलतो. एकट्याने वाजवायचं असेल आणि मिक्सर नसेल, तर आधी ग्रूव्हबॉक्स. नोव्हेशनच्या सर्किट ट्रॅक्समध्ये दोन सिंथ ट्रॅक, चार ड्रम ट्रॅक आणि बाहेरची यंत्रं चालवायला दोन मिडी ट्रॅक आहेत, बॅटरी आतच आहे. मला सगळ्यात कामाचे वाटतात ते त्याचे ऑडिओ इनपुट. वोल्का बेस त्यातून आत घ्या, मिडी ट्रॅकने तिचे सूर वाजवा, वर सर्किटचाच रिव्हर्ब (घुमारा) द्या. मिक्सर लागला नाही.

पण तुम्ही म्हणता तसा ‘ग्रूव्हबॉक्स सगळ्यांसाठीच बरा’ असं नाही. एलेक्ट्रॉनच्या मॉडेल:सायकल्समध्ये सहा ट्रॅक आहेत, स्टेप दाबून धरून नॉब फिरवला की त्या एका स्टेपपुरता आवाज बदलतो, आणि हे एकदा हाताला बसलं की साध्या सोळा स्टेप अळणी वाटतात. मात्र आउटपुट एकच स्टिरिओ जोडी. किकला वेगळा कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा) किंवा हॅटला (झांजेला) वेगळा इक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणारा) लावायचा तर तिथे अडतं. बेहरिंगरच्या आरडी-६ या ड्रम मशिनला वेगवेगळ्या आवाजांची स्वतंत्र आउटपुट आहेत, पण आवाज ठरावीक आठ आणि ते फारसे बदलत नाहीत. मिक्सरवर बसून काम करणाऱ्याला आरडी-६ सोयीची, मांडीवर घेऊन ठेका घडवणाऱ्याला मॉडेल:सायकल्स.

अॅनालॉगच्या (आवाज थेट सर्किटमधून तयार होण्याच्या) मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. ज्या रोलँड टीआर-९०९ या ड्रम मशिनला तुम्ही ‘खरं अॅनालॉग’ म्हणता, त्या १९८३ च्या यंत्रात किक, स्नेअर, टॉम आणि क्लॅप अॅनालॉग आहेत, पण हाय-हॅट आणि सिंबल हे चिपमध्ये साठवलेले सहा बिटांचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) आहेत. तिचा तो खरबरीत हॅट त्यातूनच येतो. १९८० च्या टीआर-८०८ मध्ये धातूचा आवाज सहा स्क्वेअर वेव्ह ऑसिलेटर एकत्र करून, गाळून काढलाय. म्हणजे एका यंत्रात सॅम्पल, दुसऱ्यात सर्किट, आणि गाणी दोन्हींवर झाली. मायक्रोफ्रीकमध्ये ऑसिलेटर डिजिटल आहेत, फिल्टर अॅनालॉग. त्याची अडचण वेगळीच: चार सूर एकदम वाजतात, पण पॅराफोनिक मोडमध्ये ते सगळे एकाच फिल्टरमधून जातात, आत एकही इफेक्ट नाही, आउटपुट मोनो. रिव्हर्बशिवाय तो कोरडा वाटतो. विचार करायचा तो याचा.

यूएसबी हबवर सगळं लावल्यावर येणारी किरकिर ग्राउंड लूपची (यंत्रांचे ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडले गेल्याची) असण्याची शक्यता जास्त. एकेक यंत्र बॅटरीवर टाकून बघा. ज्याच्या वेळी आवाज थांबेल, तिथे लूप आहे. त्या यंत्राला यूएसबीऐवजी पाच पिनांच्या मिडी केबलने जोडा. मिडी इनमध्ये ऑप्टोकपलर असतो, सिग्नल उजेडाच्या रूपात पलीकडे जातो आणि ग्राउंड जोडला जात नाही. ३.५ मिमीच्या सिंक केबलला ही सोय नाही. आणि ३.५ मिमीचा मिडी असेल तर ए आणि बी असे दोन प्रकार आहेत हे लक्षात ठेवा. २०१८ मध्ये ए हा प्रमाण ठरला, पण नोव्हेशनचं पहिलं सर्किट बी आहे. चुकीच्या अडॅप्टरने काही जळत नाही, नुसतं काहीच वाजत नाही.

जुनं मशिन घेताना सेलचा कप्पा उघडून स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर आहे का बघा. प्रत्येक स्टेपचं बटण दाबा, एक पॅटर्न साठवून मशिन बंद-चालू करा, मिडी इनमधून एक सूर पाठवा. नॉब फिरवताना खरखर आली तर ती बहुधा पॉटमधली (नॉबखालच्या भागातली) धूळ; कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. पण कितीही फिरवला तरी न अडणारा नॉब एन्कोडर असतो, आणि त्याने बदलणारा आकडा उलटसुलट उड्या मारत असेल तर तो बदलावाच लागेल असं धरून भाव करा.